बिनकटकटीची झाडं

१४ फेब्रुवारी १९९३, रविवार. सकाळी ६.५०

ही डायरी मिलची आहे आणि ९२ सालची आहे. गेल्या वर्षी जानेवारीत स्टाफला वाटली होती. तेव्हा लिहायला वेळ नव्हता. आता वेळ आहे तर साल उलटून गेलं. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून खरा वार हाताने लिहितो आहे. एकतीस वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या लावत काढलेल्या माणसाला चुकीचा वार सहन होत नाही.

आधी हकीकत लिहून ठेवतो. मिलचं गेट सप्टेंबरात बंद झालं. नोव्हेंबरात, दिवाळीनंतर बाराव्या दिवशी, माझ्या बायकोला, रमाला, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा वाचली, काठी घेऊन ती घरातल्या घरात चालते. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो. डॉक्टर म्हणतात, हात परत येईल, पण त्याला कामाला लावा. पावसाळ्यापर्यंत आला तर आला, नंतर अवघड. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. रमाने तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी डाव्या हाताने भिरकावला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे खेळायला?" चेंडू पलंगाखाली आहे.

हा तोच हात, ज्याला दिवाळीत अख्खी गल्ली ठिपके टाकायला बोलवायची. पट्टी नाही, दोरी नाही, एकवीस ठिपक्यांची ओळ अशी सरळ की मिलच्या ड्रॉइंग ऑफिसने मान खाली घालावी.

ती दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसते. खिडकीतून आमची गच्ची दिसते. गच्चीत पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले माझे पायजमे. तीन महिने माणसाने पायजमे बघायचे म्हणजे शिक्षाच. म्हणून ठरवलं आहे: गच्चीत झाडं लावायची. उंच पेट्यांत, म्हणजे तिला खुर्चीतून दिसतील. आणि अगदी बिनकटकटीची, म्हणजे कुणाला काही करावं लागणार नाही. स्वयंपाक, धुणं, तिची औषधं माझ्याकडे आहेत. शिवाय मिल कधीही सुरू होईल. मग झाडांकडे बघणार कोण?

रमाला सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला मेथी आणि गवत ओळखता येत नाही."

मी म्हटलं, "तू नुसती बघ. तू आराम कर."


१७ फेब्रुवारी, बुधवार. सायंकाळी ६.१५

मारुती पेट्या घेऊन आला. मारुती आमच्या मिलच्या सुतारखात्यातला. सव्वीस वर्षांत एकदाही लेट नाही, ही माझ्याकडून मोठी पावती. मिलमागच्या भंगारवाल्याकडून त्याने बॉबिनच्या तीन लाकडी पेट्या आणल्या आणि त्यांना पाय ठोकून दिले.

"उंची किती ठेवू, टाइमबाबू?"

"रमा उभी राहिली तर कमरेला लागेल इतकी."

"पर वहिनी तर बसून बघणार ना? मग एवढी उंची कशाला?"

कमरेइतकी म्हणालो होतो, तेच धरून बसलो. मारुतीने मान हलवली आणि तसंच केलं. पैसे विचारले तर हात जोडले आणि म्हणाला, "तुम्ही माझी लग्नाच्या दिवसाची हजेरी लावली होती, विसरलात?" मी खरंच विसरलो होतो. म्हणजे एवढ्या वर्षांत मी एकदा तरी खोटं लिहिलं होतं तर. देव त्याचं भलं करो.


२१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.४०

इंदूरबाहेर हातोद रस्त्यावरच्या नर्सरीत सायकलने जाऊन आलो. नर्सरीवाला धनेश, पस्तिशीचा, डोक्याला टॉवेल. मी अटी कागदावर लिहून नेल्या होत्या आणि वाचून दाखवल्या: एक, नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, त्यात भागलं पाहिजे. दोन, दुपारचं ऊन थेट. तीन, छाटणी, बांधणी, फवारणी काही नको. चार, फूल दिसलं पाहिजे. पाच, मी नवशिका आहे.

धनेशने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भिया, आपको पौधा नी चिये, आपको तो नौकर चिये."

तरी दिलं त्याने. कोरफड: "इसको भूल जाओ तो खुश रेती हे." पानओवा: काडी खोचली की झाड, आणि पानांची भजी होतात. सदाफुली: नावातच सगळं आलं. आणि शेवटी ऑफिस टाइम. जाड सुईसारखी पानं, जमिनीलगत पसरणारं. लाल, पिवळी, राणी रंगाची फुलं. सकाळी नवाच्या सुमारास उघडतात आणि दुपार कलली की मिटतात. धनेश त्याला नौबजिया म्हणतो. मी विचारलं, "नऊ म्हणजे नेमके किती?" तो हसतच सुटला.

पण मी सांगतो, त्या फुलावर माझा जीव जडला. वेळेवर येणारं, वेळेवर जाणारं. असा कामगार मी खात्याखात्यात शोधला.


२ मार्च, मंगळवार. सकाळी ७.०५

पेट्या भरल्या. खाली बारदान, वर काळी माती दाबून दाबून. एकूण हजेरीपटावर सोळा: कोरफड ३, पानओवा ३, सदाफुली ४, ऑफिस टाइम ६.

हजेरीपट म्हणजे खरोखरचाच. गेटला कुलूप लागलं त्या दिवशी मस्टरचे कोरे कागद माझ्या पिशवीत राहिले होते. परत करायला गेट उघडं नव्हतं. आता त्यावर झाडांची नावं घातली आहेत. जिवंत असेल तर ह, नसेल तर ग. रमा म्हणते, हे वेडाचं पहिलं लक्षण. म्हणू दे.

पाण्याच्या तीन शिफ्ट ठेवल्या आहेत. सात, तीन आणि झोपण्याआधी. बिनकटकटीची असली तरी आपण आपल्याकडून कसूर का ठेवावी?


१० मार्च, बुधवार. सकाळी ८.००

ग. ग. ग. तिन्ही कोरफडी गेल्या. बुडाशी हात लावला तर चिखल. सदाफुली दोन गेल्या. ऑफिस टाइम सहापैकी चार सडले.

धनेश भाजी मंडईच्या कामाने इकडे आला होता, त्याला वर नेलं. त्याने पेटीच्या खाली वाकून बघितलं, माती चिमटीत घेतली. "छेद कां हे? रेती कां हे? भिया, ये काली मिट्टी हे, पानी पकड़ के बेठ जाती हे. कित्ता पानी दिया?"

"तीन वेळा. रोज."

त्याने टॉवेल डोक्यावरून काढला. जणू मयताला आला होता.

आणि मग खिडकीतून आवाज आला. रमा हसत होती. दिवाळीनंतर पहिल्यांदा. तोंड जरासं वाकडं होतं हसताना, तरी हसत होती. "अहो, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ते हेच! ज्यांना काही नको म्हणून आणलं, त्यांना तुम्ही लाड करून मारलंत!"

लाज वाटली, पण खोटं कशाला लिहू, तीन कोरफडींच्या बदल्यात ते हसणं मिळालं असेल तर सौदा वाईट नाही. त्यांचे उपकार मानतो.


१६ मार्च, मंगळवार. रात्री ८.३०

धनेशने पेट्यांच्या बुडाला भोकं पाडायला लावली, माती उपसून वाळू आणि शेणखत मिसळून दिलं, नवी रोपं दिली. आता पाणी दोन दिवसांतून एकदा, तेही बोट घालून माती कोरडी लागली तर. म्हणजे मला कामच उरलं नाही. चार ते पाच मिलच्या गेटवर युनियनची सभा असते, तिथे मी रोज जातो. बाकी वेळ हजेरीपट.

काल एक वाईट गोष्ट घडली. शेजारच्या आनंदीबाई आल्या होत्या. आमच्या गच्च्या लागून आहेत, मधे गुडघाभर कठडा. वयाने मोठ्या, विधवा, जिभेने तिखट आणि हाताने गोड. रमाने त्यांना चहाचा कप द्यायला उजवा हात पुढे केला आणि कप पडला. मी धावलो. तुकडे उचलले, फरशी पुसली, आणि म्हटलं, "तू कशाला उठलीस? मी आहे ना? तू आराम कर." रमा रडली. मग काल संध्याकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. कप फुटल्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? साधा कप होता.


२४ मार्च, बुधवार. पाडवा. सकाळी ९.२०

गुढी मी उभारली. साखरेची गाठी मारुतीने आणून दिली. दारात रांगोळी आनंदीबाईंनी घातली. चार ठिपके इकडे, चार तिकडे, मधली ओळ वाकडी. रमाने ती बघितली आणि मान वळवली.

ऑफिस टाइम आज ९.०८ ला उघडलं. सणाच्या दिवशीही सुट्टी नाही. शाबास.


४ एप्रिल, रविवार. सकाळी ७.३०

नवल. हजेरीपटावर ऑफिस टाइम सहा होते, आज नऊ आहेत. मी मोजण्यात चूक करत नाही. मुळाशी सुटे, बोटभर उंचीचे तीन नवे कोंब, मातीत तिरपे, एक तर जवळजवळ आडवाच. मी धनेशला विचारलं तेव्हा म्हणाला होता, ये खुद फेलता हे. म्हणजे हेच. आपोआप पसरतं.

पण पानओव्याचे शेंडे कमी आहेत. मागच्या रविवारी बावीस होते, आता सतरा. हे काही आपोआप होत नाही. झाडाला पाय फुटत नाहीत, म्हणजे कुणाचा तरी हात आहे. आणि तो चार ते पाचमध्येच पडतो, कारण तेवढाच वेळ मी घरात नसतो.

रमाला विचारलं, कुणी येतं का गच्चीत? म्हणाली, "कोण येणार? मी तर आराम करत असते."


९ एप्रिल, शुक्रवार. सायंकाळी ७.००

चोर सापडला. आनंदीबाई.

कठडा गुडघाभर. घरात एकट्या. भज्यांची आवड. मी सरळ विचारलं, तुम्ही आमच्या पेटीतली पानं नेता का? मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आमच्या खिडकीकडे बघितलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "हो. मीच नेली. भजी केली आणि खाल्ली. बोला, काय करता? पगार कापता का?"

मी मोठ्या मनाने म्हटलं, राहू द्या, शेजारधर्म आहे, यापुढे सांगून न्या. "बिलकुल सांगून नेईन हो, दिवाकरराव," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. पश्चात्ताप झाला असावा.

घरी येऊन रमाला सांगितलं तर ती भडकलीच. "त्यांना चोर म्हणालात? पाच महिने माझी वेणी घालतात त्या!" पण त्यांनी कबूल केलं, मी म्हटलं. तर ती म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी!" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बायकांच्या आपापसातल्या मायेला हिशोब नसतो.


२८ एप्रिल, बुधवार. दुपारी १.१०

ऊन असं की टाकीतलं पाणी चहाला चालेल. सगळे हजर. ऑफिस टाइम आता चौतीस.

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो, शेतकी खात्याला कळवण्यासारखं आहे. पहिले जे नवे कोंब आले ते वाकडेतिकडे होते. पंधरवड्यानंतरचे जरा बरे. आणि या आठवड्यातले पाहिले तर ओळीत. सारख्या अंतरावर. खालच्या ओळीत सात, वरच्या ओळीत त्यांच्या फटींत सहा, त्यावर पाच. मुळं आपापली जागा वाटून घेत असणार. निसर्गाला शिस्त असते ती अशी. माणसं विनाकारण भोंगे लावतात.

मारुतीला दाखवलं. त्याने ओळींवरून बोट फिरवलं. "टाइमबाबू, हे आपोआप?" मी म्हटलं, आपोआप. तो म्हणाला, "वाह भिया," आणि रमाला खिडकीतून नमस्कार करून गेला. साधा माणूस, त्याला झाडांतलं काय कळणार?


११ मे, मंगळवार. दुपारी १२.००

पलासियाला डॉक्टरांकडे रमाला रिक्षाने नेऊन आणलं. डॉक्टरांनी तिला उजव्या हाताने आपलं बोट धरायला सांगितलं. तिने धरलं. "अरे वा! कोणता व्यायाम करता? चेंडू?"

मी खरं तेच सांगितलं, की चेंडू पलंगाखाली आहे, ती काही करत नाही, मी करूच देत नाही. डॉक्टरांनी रमाकडे बघितलं. रमा पंख्याकडे बघत होती. मग त्यांनी तिचा हात उलटा केला, नखं बघितली आणि हसले. "जे करत नाही ते असंच न करत राहा, बरं का ताई."

घरी येऊन मी तिची नखं बघितली. माती. मला फार वाईट वाटलं. मी तिचे हातपाय रोज पुसतो आणि तरी नखांत मळ राहिला आणि तो डॉक्टरांनी बघितला. उद्यापासून ब्रश.

पण बोट धरलं! डाव्याच्या मदतीशिवाय! देवापाशी पेढे ठेवले. ही दैवी कृपा नाही तर काय?


१८ जून, शुक्रवार. रात्री ९.००

आज सगळं एकदम झालं. क्रमाने लिहितो.

चार वाजता गेटवर गेलो. दीडशे-दोनशे माणसं असतील. युनियनच्या माणसाने कोर्टाचा कागद वाचला. मिल आता सुरू होणार नाही. यंत्रं विकली जातील. कुणी ओरडलं नाही. एक जण म्हणाला, चला. सभा दहा मिनिटांत संपली. मारुती माझ्याशेजारी उभा होता, त्याने गेटच्या लाकडावर हात फिरवला, त्यानेच कधी तरी बसवलेलं होतं ते.

मी ४.२२ ला घरी पोचलो. रोज पाच-पाचला येतो. जिना चढलो, गच्चीचं दार अर्धं उघडं होतं.

रमा पेटीशी उभी होती. काठी पेटीच्या कडेला अडकवलेली. कंबर पेटीला टेकवलेली; मारुतीने केलेल्या त्या उंचीमुळेच ती उभी राहू शकत होती. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. उजव्या हाताच्या चिमटीत ऑफिस टाइमची एक काडी. ती काडी मातीत खोचायची. काडी पडली. तिने उचलली. परत पडली. परत उचलली. "उभी राहा ना गं मेले," ती म्हणाली, "मी राहिले आहे ना!" पलीकडच्या गच्चीत आनंदीबाई शेवया वाळत घालत होत्या, हिच्याकडे न बघता म्हणाल्या, "घाई नको, अजून अर्धा तास आहे त्यांना यायला."

चौथ्या खेपेला काडी उभी राहिली. मग रमाने तर्जनीने भोवतीची माती दाबली. एकट्या उजव्या हाताने. मी घड्याळात बघत होतो, सवयच. एका काडीला चार मिनिटं. चौतीस, मग एक्कावन्न, मग आता सत्तर. एवढ्या काड्यांची मिनिटं ती उभी होती आणि मी गेटवर.

मी आत गेलो नाही. आलो तसा पावलं न वाजवता जिना उतरलो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. पाच वाजून पाच मिनिटं होईपर्यंत. एकतीस वर्षं मी कुणाला एक मिनिट सोडलं नाही, आणि आज वेळ भरायची वाट बघत स्वतः गल्लीत उभा होतो. लोक बघत होते. मी रडत होतो, पण मिलची बातमी गल्लीत पोचली होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.


२० जून, रविवार. सकाळी ६.३०

दोन रात्री विचार केला.

तिने मला का सांगितलं नाही, हा प्रश्न आधी पडला आणि रागही आला. मग स्वतःलाच विचारलं, दिवाकर, सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? स्टूल आणलं असतंस. काडी तिच्या हातातून घेतली असतीस. म्हणाला असतास, दे, मी खोचतो, तू आराम कर.

सप्टेंबरात गेट बंद झालं तेव्हा साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "अब आराम कीजिए, दिवाकरजी." चांगल्या मनाने म्हणाले होते. पण त्या शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं कुलपाने लागलं नाही. आणि तेच शब्द मी घरी आणून रमाला दिवसातून दहा वेळा ऐकवत होतो. माझ्या हातातलं काम गेलं, म्हणून मी तिच्या हातातलं काढून घेतलं. कप फुटल्यावर ती का रडली, ते आज कळलं. तीन महिने उशिरा. लेट मार्क.

सात, सहा, पाच. निसर्गाची शिस्त म्हणे! ठिपके होते ते. माझ्या बायकोचे ठिपके मला ओळखता आले नाहीत.

आनंदीबाईंकडे गेलो आणि पाया पडलो. त्या म्हणाल्या, "अहो, काय हे फालतू! मला त्या ओव्याच्या पानांनी सर्दी होते, भजी कसली खाते मी." पानं रमा खुडायची, बोटांना सवय म्हणून, आणि कठड्यावरून यांच्या ओंजळीत टाकायची. "तिला सांगू नका मला कळलंय ते," मी म्हटलं. "तुम्हा दोघांचंही मीच लपवू का आता?" त्या म्हणाल्या, पण हो म्हणाल्या.


३ जुलै, शनिवार. दुपारी ३.००

मेथीची जुडी टेबलावर तशीच ठेवून "विसरलो" म्हणून बाहेर पडतो. परत येतो तेव्हा निम्मी निवडलेली असते. काड्या पानांपेक्षा जास्त असतात. तशीच फोडणीला घालतो. उत्तम लागते.

सभा नाही, तरी चार वाजता मी निघतो. मारुतीने राजवाड्याजवळ एका फर्निचरवाल्याकडे काम धरलं आहे, तिथे लाकडाच्या ढिगावर तासभर बसतो. पाच-पाचला घरी. रमा विचारते, "काय म्हणतात गेटवर?" मी म्हणतो, "बोलणी चालू आहेत."

आज नर्सरीत गेलो. धनेशने विचारलं, "इस बार कोन सा बिना झंझट का?"

मी म्हटलं, "झंझटवालं दे. जेवढी जास्त झंझट तेवढं बरं. पण कामं बारीक असली पाहिजेत, चिमटीतली."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मग शेवंतीची बारा रोपं काढून दिली. दर आठ-दहा दिवसांनी शेंडे खुडायचे, काड्या बांधायच्या, किडकी पानं वेचायची. केलं तर दिवाळीत फुलं, नाही केलं तर नुसती काडी. "मेम साब के लिए?" त्याने हळूच विचारलं. मला वाटतं मी सोडून सगळ्या इंदूरला ठाऊक होतं.

रोपं घरी आणून रमाला म्हटलं, "धनेशने गळ्यात मारली. मला काही जमणार नाही. आता तूच सांग काय करायचं." ती खुर्चीतून रोपांकडे बघत राहिली. ठिपके टाकण्याआधी रिकाम्या अंगणाकडे बघायची, तशी.


२५ जुलै, रविवार. दुपारी ४.००

काल मुद्दाम हजेरीपट भरला नाही. मोकळा ठेवला, पेन्सिल त्यावर ठेवली, आणि चार वाजता निघून गेलो. मला वाटलं होतं, एखादी रेघ ओढेल. नाही ओढली तरी चालेल.

रात्री बघायचा धीर झाला नाही. आज जेवणं झाल्यावर बघितला.

सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. पानओवा, ह. सदाफुली, ह. ऑफिस टाइम, ह. शेवंती एक ते अकरा, ह. बारावीसमोर ग, खरंच, ती पिवळी पडली आहे. पहिले ह चौकटीबाहेर सांडलेले, पुढचे आत आलेले. आठ महिन्यांत तिचं अक्षर बघितलं नव्हतं.

आणि सर्वांत खाली, मी जिथे काही लिहिलं नव्हतं तिथे, तिने एक नाव वाढवलं होतं. दिवाकर. त्यापुढे तारीख आणि ह.

टाइम ऑफिसात माझी हजेरी कुणी घेत नसे. हा असणारच, असं धरून चालायचे. मी ते पान हातात धरून किती वेळ उभा होतो ते लिहीत नाही, कारण बघितलंच नाही.

खिडकीतून रमा म्हणाली, "बघितलंत का? मग आता ती गेटची नाटकं पुरे झाली. मिल कायमची बंद झाल्याचं मी दुसऱ्याच दिवशी पेपरात वाचलं. शेवंतीचे शेंडे काढायचे आहेत, चला. आणि मी सांगेन तिथेच खुडा, उगाच लाड नको."

देवाचे, डॉक्टरांचे, मारुतीचे, धनेशचे, आनंदीबाईंचे आणि मेलेल्या तीन कोरफडींचे मनापासून आभार. मिल चालू असती तर यातलं काही मला दिसलं नसतं, हेही लिहून ठेवतो.

चार वाजून नऊ मिनिटं झाली आहेत. मी घरीच आहे.